भोपळ्याच्या घरी चिक्की

आटपाट नगर होतं. त्याचं नाव मोशी. नगराच्या कडेनं इंद्रायणी वाहायची आणि नगरातल्या एका सोसायटीच्या सातव्या मजल्यावर भोपळ्या नावाचा राजा राहायचा. जातीनं गिनीपिग, रंग नारिंगी, वजन किलोभर, पाय आखूड, शेपूट अजिबात नाही. राजाला प्रजा नव्हती. बाबा पहाटेच कंपनीची बस पकडून चाकणला जायचे, आई ऑफिसला, पोरगा शाळेत. मग दिवसभर राजा एकटाच वाळलेलं गवत चघळत बसायचा. आणि एका संध्याकाळी राजवाड्याच्या दारात पुठ्ठ्याचा एक खोका आला.

इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तो खोका आत्ता माझ्या दिवाणाखाली आहे, त्यात चिक्की नावाचं गिनीपिगचं पिल्लू आहे, आणि भोपळ्याच्या घरचा पोरगा मघापासून माझ्या कानाशी भुणभुण लावून बसलाय, "आबा, चिक्कीला आत्ताच सोडू का भोपळ्याच्या पिंजऱ्यात? एकदाच! नुसतं बघायला!"

नाही सोडायचं. पुढची गोष्ट अजून घडायची आहे. ती कशी घडायला हवी ते मी सांगतो, मग तुम्ही ती तशी घडवा.

त्यासाठी आधी लांब जावं लागेल, पार दक्षिण अमेरिकेत. तिथे आंदीज नावाची पर्वतरांग आहे. हवा विरळ आणि थंड, उंच उंच गवत. त्या गवतात बोळ पाडून भोपळ्याचे रानटी नातेवाईक राहतात. एक नर, काही माद्या, त्यांची पिल्लं, असा छोटा कळप. वर आकाशात शिकारी पक्षी घिरट्या घालत असतात, म्हणून यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. आता कळलं, तुम्ही वरून हात घातलात की भोपळ्या सैरावैरा का पळतो ते? त्याला तो हात वाटत नाही, घार वाटते. खाली बसायचं, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि मग उचलायचं.

तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी या प्राण्याला माणसाळवलं. कुरवाळायला नाही, खायला. ए, तोंडं वाकडी करू नका, आपल्याकडे कोंबड्या पाळतातच ना? त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर हे कुई कुई करत हिंडायचे, म्हणून त्यांना तिथे कुई म्हणतात. पेरूमधल्या कुस्को शहराच्या मोठ्या चर्चमध्ये मार्कोस सापाता नावाच्या चित्रकारानं १७५३ साली येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र काढलं, तर मधल्या ताटात उताणा भाजलेला कुई! बटाटासुद्धा त्याच डोंगरांतला बरं का. आज आंबेगावच्या सातगाव पठारावर तो पिकतो आणि चाकणच्या बाजारात पोत्यांनी उतरतो. पण एकाच गावचे म्हणून भोपळ्याला बटाटा द्यायला जाल, तर तसं नाही. कच्चा बटाटा त्याला चालत नाही. चाकणचा कांदा तर मुळीच नाही, तो त्याला विषासारखा.

सोळाव्या शतकात जहाजांतून हे प्राणी युरोपात गेले आणि तिथून जगभर. डोंगर सुटला, स्वभाव सुटला नाही. कळपाची सवय इतकी खोल आहे की स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनीपिग पाळणं कायद्यानंच बंद आहे. म्हणजे चिक्कीला आणलं ते बरोबरच केलं. अडचण एवढीच, की हे भोपळ्याला कोणी सांगितलेलं नाही.

भोपळ्याला जग कसं कळतं? नाकानं. तुम्ही पाहिलं असेल, कधी कधी तो बूड जमिनीला घासत चालतो. त्याच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. तिथला वास आणि मूत यांनी तो पिंजऱ्याची इंच न् इंच जागा आपल्या नावावर करून ठेवतो. पिंजऱ्याचा सातबारा भोपळ्याच्या नावावर! अशा जमिनीत एकदम परका वास उतरला, तर तो पाहुणा म्हणून उतरत नाही, अतिक्रमण करणारा म्हणून उतरतो. आणि पिंजऱ्यातून पळून जायला गवताचे बोळ नसतात. रानात हरलेला गिनीपिग निघून जातो. पिंजऱ्यात तो कोपऱ्यात अडकतो आणि चावे खातो.

म्हणून चिक्की आधी माझ्याकडे राहील. दोन-तीन आठवडे. इतके कशाला, विचारतोस? कारण दुकानात एकाच पेटीत दहा-बारा पिल्लं कोंबलेली असतात. कोणाला खरजेचे किडे, कोणाला नायटा, कोणाला छातीचा संसर्ग. आणि शिकार होणारे प्राणी आजार लपवतात. दुबळं दिसलं की घार त्यालाच उचलते हे त्यांच्या रक्तात भिनलंय. चिक्की आज टुणटुणीत दिसतोय म्हणून तो टुणटुणीत आहेच असं नाही. रोज सकाळी आजीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करायचं. (आजीला मी सांगतो. काट्यावर वेगळा डबा ठेवू.) पिल्लू आहे, वजन वाढतच गेलं पाहिजे. घटलं तर तसेच डॉक्टरांकडे. आणि रोजचा क्रम ठरलेला: आधी भोपळ्याचं खाणंपिणं, सफाई, मग इकडे येऊन चिक्कीचं. परत जाताना साबणानं हात धुवायचे, शर्ट बदलायचा. नायटा माणसालाही होतो, तेव्हा हे तुमच्यासाठीसुद्धा आहे.

"तो चिक्की" का म्हणालो? दुकानदार "मादी आहे" म्हणाला खरा, पण मघाशी मी पाहिलं, मला हा नर वाटतो. खात्री डॉक्टर करतील, आणि ती ओळख करून देण्याच्या आधी झाली पाहिजे. भोपळ्या नर आहे. चिक्की मादी असती तर दोन महिन्यांत पाळणा हलला असता. उंदराची पिल्लं आईच्या पोटात वीसेक दिवस राहतात आणि आंधळी, उघडी जन्मतात. गिनीपिगची आई दोन महिन्यांहून जास्त काळ पोटात सांभाळते, म्हणून पिल्लू जन्मतं तेच अंगावर केस, तोंडात दात आणि उघडे डोळे घेऊन. काही तासांत दुडूदुडू पळतं, पहिल्या एक-दोन दिवसांतच गवताला तोंड लावतं. आणि आई? बाळंत झाल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून चुकीची जोडी लागली तर तुझ्या आईला तो फ्लॅट सोडावा लागेल.

या दोन-तीन आठवड्यांत चिक्की समजा शिंकला, तर घरातल्या औषधाच्या डब्यातली गोळी त्याला द्यायची नाही. का, ते मी सांगितलंच पाहिजे, कारण ही गोष्ट आपल्या पिंपरीची आहे.

मी ज्या एच.ए. कंपनीत नोकरी केली, ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. सरकारनं १९५४ साली काढलेली, सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलीन बनायला लागलं. पोलादाच्या मोठमोठ्या टाक्यांत गोड पाण्यात बुरशी वाढवायची, खालून निर्जंतुक हवा सोडायची, आणि त्या बुरशीनं बनवलेलं पेनिसिलीन गाळून काढायचं. त्या औषधानं किती माणसं वाचली त्याला गणतीच नाही. पण तेच औषध गिनीपिगला मारतं.

खोटं वाटतंय? २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी नावाच्या शास्त्रज्ञानं आठ उंदरांना जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. ते चार जगले, बाकीचे सकाळपर्यंत मेले. त्या दिवसापासून पेनिसिलीनचं भाग्य उघडलं. आता विचार करा, त्यांनी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर? तीन वर्षांनी, १९४३ साली, अमेरिकेत गिनीपिगना पेनिसिलीन देऊन पाहिलं, तेव्हा ते मरायला लागले. औषध विषारी म्हणून पहिल्याच पायरीवर बाद झालं असतं, आणि कदाचित पिंपरीत कारखानाही आला नसता.

हे घडतं गिनीपिगच्या आतड्यामुळे. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे त्याची एक मोठी पिशवी असते, पोटातल्या अन्नाचा निम्म्याहून जास्त भाग तिच्यातच. तिथे कोट्यवधी जंतू गवत आंबवतात. गवत पचवायचं काम गिनीपिगचं नाहीच, जंतूंचं आहे. एच.ए.च्या टाकीत बुरशी काम करते, याच्या पोटात जंतू करतात. पेनिसिलीन दिलं की हे कामकरी जंतू मरतात, मोकळ्या जागेत वाईट जंतू माजतात, त्यांचं विष भिनतं आणि चार-सहा दिवसांत प्राणी जातो. अमॉक्सिसिलीन त्याच घराण्यातलं, आणि ते जवळजवळ प्रत्येकाच्या औषधाच्या डब्यात असतं. म्हणून डॉक्टर बघायचा तोही असा, ज्याला ससे-गिनीपिग बघायची सवय आहे. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर स्पाइन रोडला पुष्कळ आहेत, पण आधी फोन करून विचारायचं.

आणि हो, बी विंगमधल्या मुलीला तिचा ससा घेऊन "मैत्री करायला" येऊ देऊ नका. सशाच्या नाकात असे जंतू राहतात ज्यांनी सशाला काही होत नाही आणि गिनीपिगला न्यूमोनिया होतो. शिवाय सशाच्या मागच्या पायाची एक लाथ पिल्लाच्या बरगड्यांना पुरते. मांजराविषयी तर बोलायलाच नको. मांजर कितीही गरीब असो, दार लावून घ्यायचं.

खायला काय? गवत, गवत आणि गवत. त्यांचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात, गवत चघळूनच ते झिजतात. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात वैरण मिळते, पण कडब्याची धाटं त्याला जाड पडतात; मऊ वाळलेलं गवत बघून आणायचं. चिक्की लहान आहे तोवर त्याला थोडा लसूणघास चालेल, भोपळ्याला मात्र नको. त्यात कॅल्शियम जास्त असतं, मोठ्या गिनीपिगला मूतखडा होतो. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला जाल तेव्हा बाहेरून दुर्वांच्या दोन जुड्या जास्त आणा, स्वच्छ धुऊन द्या. गणपतीच्या उंदराच्या या लांबच्या भावाला दुर्वा फार आवडतात. आणि रोज कोथिंबीर, ढोबळी मिरची किंवा आवळ्याची एवढीशी फोड. आपल्यासारखंच गिनीपिगच्या शरीरालाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिख यांनी १९०७ मध्ये वेगळाच आजार शोधण्यासाठी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांना होतो तो स्कर्व्ही झाला. जहाजांवर हजारो माणसं मारणाऱ्या त्या रोगाचं कोडं उलगडायला तिथून वाट मिळाली.

तर, तीन आठवडे सरले. चिक्कीचं वजन वाढलंय, कुठे खाज नाही, शिंक नाही. आता नाकांची भेट. भोपळ्याच्या अंथरुणातलं कापड चिक्कीकडे, चिक्कीचं भोपळ्याकडे. पहिल्या दिवशी भोपळ्या त्या कापडावर गुरगुरेल, बहुतेक मुतेलही. मुतू दे. दोन-चार दिवसांनी तो त्याच कापडावर पाय पसरून लोळला की समजायचं, वास ओळखीचा झाला. मग दोन पिंजरे शेजारी आणायचे, मध्ये जाळी. बोटभर अंतर ठेवा, नाहीतर जाळीतून नाक चावेल. कोथिंबीर जाळीच्या दोन्ही बाजूंना टाकायची. समोरासमोर बसून खाल्लं, की पुढचा दिवस ठरवायचा.

तो दिवस गुरुवार. बाबांची सुट्टी. पण उन्हाळा असेल तर दुपार नको. गुरुवारी लाईट जाते, पंखा बंद, आणि हा थंड डोंगरातला जीव. तीस अंशांच्या वर त्याला धाप लागते. सकाळी लवकर, हॉलमध्ये. भोपळ्या कधी हॉलच्या ज्या भागात हिंडला नाही, तिथे धुतलेली मोठी चादर अंथरायची. ती जमीन दोघांपैकी कोणाच्याच नावावर नाही. मधोमध गवताचा मोठा ढीग. लपायला खोके हवेत, पण प्रत्येक खोक्याला दोन दारं कापायची, म्हणजे कोणी आत कोंडला जाणार नाही. पाण्याच्या बाटल्या दोन. आणि दोघांना एकाच वेळी सोडायचं.

आता जो तमाशा होईल तो नीट ऐका, कारण इथेच माणसं घाबरून चुका करतात. भोपळ्या आधी चिक्कीचं ढुंगण हुंगेल. हसून घ्या एकदा. मग खोल आवाजात घुर्रर्र करत, बूड डावी-उजवीकडे हलवत, त्याच्याभोवती फेऱ्या मारेल. त्याच्यावर चढेल. चिक्की किंचाळेल, असा की शेजारी बेल वाजवतील. किंचाळणं म्हणजे "मी लहान आहे, मी हरलो" एवढंच. भोपळ्या पाठलाग करेल, चिक्की पळेल, दोघं नाक वर करून कोण उंच ते बघतील. हे भांडण नाही, ही ओळख चालू आहे. हात घालायचा नाही. दर पाच मिनिटांनी उचलून लाड केले तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. अर्धा दिवस द्या. मधेच दोघंही गवताकडे वळतील, मग पुन्हा जुंपेल, मग पुन्हा खातील.

कान टवकारायचे ते दातांच्या आवाजाला. दात कटकटकट वाजायला लागले, मानेवरचे केस उभे राहिले, दोघं समोरासमोर ताठ झाले आणि मोठी जांभई द्यावी तसे दात दाखवले, तर जाडसर टॉवेल हातात तयार ठेवायचा. झेप घेऊन एकमेकांचा गोळा झाला तर टॉवेल टाकून वेगळं करायचं. उघडा हात घालू नका, ते दात तुमच्या बोटात आरपार जातील. रक्त आलं की खेळ संपला, त्या दिवशी पुन्हा नाही.

असं का होतं, ते जर्मनीत नॉर्बर्ट साख्सर नावाच्या शास्त्रज्ञानं शोधलं. त्यानं काही नर मोठ्या कळपात वाढवले आणि काही एकट्यानं किंवा एखाद्याच मादीबरोबर. मोठे झाल्यावर त्यांना अनोळखी कळपात सोडलं. कळपात वाढलेले चार दिवस कडेकडेनं राहिले आणि गुपचूप सामावले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, फारसं वाढलं नाही. एकटे वाढलेले दिसेल त्याच्याशी भिडले, कॉर्टिसॉल भरमसाट चढलं, वजन उतरलं. फरक ताकदीचा नव्हता. कळपातल्या पोरांना वयात येताना मोठ्या नरांनी दटावलं होतं. कधी मागे सरायचं, कधी वाट बघायची, हे ते तिथे शिकले होते. जन्मतः हे कोणालाच येत नाही.

म्हणजे आपल्याकडे काय आहे बघा. चिक्की सहा आठवड्यांचा, शिकायच्या वयातला. त्याला दटावायला मोठा भोपळ्या मिळाला तर उत्तमच. पण भोपळ्या स्वतः लहानपणापासून एकटा वाढलाय. त्याला कोणी दटावलेलं नाही. म्हणून मी एवढी घाई नको म्हणतोय.

समजा जमलं. दोघं शेजारी बसून गवत खातायत, चिक्की मधेच जागच्या जागी हवेत उडी मारून अंग वळवतोय. ती आनंदाची उडी, झटका आलाय असं समजून घाबरू नका. मग जुना पिंजरा व्हिनेगरच्या पाण्यानं लख्ख पुसायचा, सगळं अंथरूण नवं, खोक्यांच्या जागा बदललेल्या, आणि दोघांना एकदमच आत. जागा साडेसात-आठ चौरस फुटांच्या खाली नको, दोन नरांना त्याहून जास्त मिळाली तर बरं. पुढे कधी एकाला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर दोघांना न्या. ओळखीचा जोडीदार शेजारी असला की नव्या जागी कॉर्टिसॉल कमी चढतं, हेही साख्सरच्याच मंडळींनी मोजलं. शिवाय एकटाच दवाखान्यात जाऊन आला तर तो तिथला वास घेऊन परततो, आणि भोपळ्या पुन्हा विचारेल, हा कोण?

आणि तीनेक महिन्यांचा झाला की चिक्कीला मिसरूड फुटेल. तेव्हा पुन्हा घुर्रर्र, पुन्हा पाठलाग. रक्त नसेल तर तेव्हाही मधे पडायचं नाही.

"आणि आबा, जमलंच नाही तर?"

नाही जमलं तर नाही जमलं. काही जोड्या जमतच नाहीत, त्यात तुझा दोष नाही आणि भोपळ्याचाही नाही. मग चिक्कीला परत दुकानात टाकायचं नाही. दोन पिंजरे कायमचे शेजारी शेजारी, मध्ये जाळी, आणि दोन्हीकडे गवत एकाच वेळी टाकायचं. जाळीतून वास येतो, आवाज येतो, एक खायला बसला की दुसराही बसतो. रोज कागद दुप्पट बदलावे लागतील, ते मात्र तू बदलायचे, आईनं नाही.